पायाला गुदगुल्या करणारा आवाज

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. बाबा गेल्यापासून मीच चालवते. रविवारी गंगापूर धरणापर्यंत एक फेरी, सणावाराला पंचवटीत मामांकडे, एवढंच. दिवाळीपासून गाडीत एक आवाज येतोय. काटा ४५ च्या पुढे गेला की ‘घूंऽऽ’ सुरू होतं, ५०-५५ ला डोकं उठतं आणि ६० ओलांडले की विरतं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असो की चौथ्या, वेग तोच. मागे तिघं बसले की वाढतो. उड्डाणपुलावर तर फारच मोठा वाटतो. एकदा रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रलला टाकून पाहिली, तरी आवाज होताच. एका गॅरेजमध्ये इंजिनचे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) बदलले, दुसरीकडे पुढच्या चाकांची बेअरिंग बदलली, मग टायरही नवे घातले. आता तिसरे मिस्त्री म्हणतात, डिफ्रन्शल उघडावं लागेल. एकजण म्हणाले, ‘ताई, पन्नास वर्षांची गाडी आहे, आवाज यायचाच.’ माझी अकरा वर्षांची लेक मागे मधोमध बसते. ती म्हणते, ‘आई, तो आवाज आला की पायाला गुदगुल्या होतात.’ शिवाय वळणावर डाव्या दारात काहीतरी घरंगळतं. आणि गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून घ्यावी का, तेही सांगा.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, डिफ्रन्शल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली दात्यांची पेटी, उघडू देऊ नका. आधी त्या मिस्त्रींना फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात आवाजाचा पत्ता जवळजवळ पूर्ण लिहिलेला आहे. तीन ठिकाणी पैसे गेले, कारण कुणी तुम्हाला नीट विचारलंच नाही. आयटीआयमध्ये शिकवायचो तेव्हा आवाजाची तक्रार घेऊन गाडी आली की मी पोरांना पाना उचलू द्यायचो नाही. आधी वहीत लिहायचं. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या? गाडी ओढताना येतो की पाय सोडल्यावर? वळताना कमीजास्त होतो का? गार असताना येतो की तापल्यावर? भरल्या गाडीत येतो की रिकाम्या? उत्तरं लिहून झाली की निम्मी गाडी आपोआप बाद होते आणि मग पान्याला हात लावायचा. यातली बहुतेक उत्तरं तुम्ही स्वतःच दिली आहेत, फक्त ती एका ओळीत लावायची राहिलीत.

तिसऱ्या आणि चौथ्या गिअरपासून सुरुवात करू. गाडी ५० ने धावत असेल तर तिसऱ्यात इंजिन चौथ्यापेक्षा बरंच जोरात फिरतं. आवाज इंजिनचा, पंख्याचा, डायनॅमोचा किंवा क्लचचा असता तर तिसऱ्यात तो कमी वेगालाच सुरू झाला असता. तसं होत नाही. न्यूट्रलमध्येही तो टिकतो, म्हणजे इंजिन संशयातून साफ सुटलं. फाउंडेशनचा खर्च तिथेच वाया गेला. (न्यूट्रलचा हा प्रयोग पुन्हा करायचा झाला तर इंजिन चालूच ठेवा. चालत्या गाडीची किल्ली कधीही फिरवायची नाही.)

आता उरलं काय? गिअरबॉक्सचं मागचं टोक, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा), डिफ्रन्शल, मागचा अ‍ॅक्सल, चाकं आणि टायर.

चाकाचा हिशेब सोपा आहे. तुमच्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर. ५० च्या वेगाला चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं आणि शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोडा जास्त, म्हणजे तीसेक वेळा. चाकात किंवा टायरमध्ये दोष असेल तर गाडी हळू असताना ‘धप, धप’ असं सुटं ऐकू येतं, जवळजवळ मोजता येतं. बेअरिंग गेलं असेल तर रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली की भार एका बाजूला जातो आणि सूर बदलतो. आणि यातलं काहीही ६० नंतर विरत नाही. झिजलेलं बेअरिंग किंवा दाता वेगाबरोबर वाढतच जातो. एका ठरावीक वेगाला येऊन पुढे निघून जाणारा आवाज म्हणजे फिरणाऱ्या वस्तूची थरथर आणि तिला धरून ठेवणाऱ्या सैल वस्तूची थरथर यांचा ताल जुळणं. वेग वाढला की ताल सुटतो.

डिफ्रन्शलचं गाणं वेगळं असतं. क्राउन-पिनियन, म्हणजे आतली दोन दातेरी चाकं, झिजली की अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक सूर लागतो, पाय काढला की दुसरा लागतो किंवा गप्प होतो. तुमचा आवाज गाडी ओढत असताना आणि न्यूट्रलमध्ये सारखाच आहे. शिवाय क्राउन आणि पिनियन ही जोडी असते. त्यांची गाठ शिम (पातळ चकत्या) घालून, दात्यांवर रंग लावून, खूण बघत बसवावी लागते. ज्याला या गाडीचा सराव नाही त्याने ती उघडली तर गप्प असलेली जोडी जन्मभर गायला लागते. म्हणून सुरुवातीलाच फोन करायला सांगितलं.

आता तुमची लेक. या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तिचं आहे. अकरा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर मधोमध बसली की पाय ठेवायला जागा एकच, गाडीच्या मधून जाणारा उंचवटा. त्याच्याखाली शाफ्ट आहे. तुमच्या फियाटमध्ये तो शाफ्ट अ‍ॅम्बॅसेडरसारखा एकसंध नाही, दोन तुकड्यांत आहे, आणि दोन्ही तुकड्यांच्या मधे त्याला तोलून धरणारं सेंटर बेअरिंग गाडीच्या तळाला रबराच्या आधाराने लटकवलेलं असतं. ते रबर मेलं की शाफ्ट आपल्या रेषेत राहत नाही आणि त्याची थरथर थेट पत्र्यात उतरते. मागे तिघं बसले की पाट्यांच्या स्प्रिंगा दबतात, शाफ्टचं मागचं टोक वर जातं, मधल्या जोडाचा कोन बदलतो आणि आवाज वाढतो. सगळं जुळतंय. माझा पहिला संशय सेंटर बेअरिंगच्या रबरावर आहे.

संशयावरून पार्ट विकत घ्यायचा नाही, आधी बघायचं. उड्डाणपुलावर किती मोठा वाटतो ते सोडून द्या. तिथे कठड्यावर आपटून आवाज परत येतो, म्हणून सगळ्याच गाड्या तिथे मोठ्या वाजतात. रविवारी सकाळी लवकर, सोमेश्वरच्या पुढे रस्ता मोकळा झाला की ५० चा वेग धरा. सोबतच्या माणसाला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा : एकदा फोन मागच्या उंचवट्यावर टेकवून, एकदा पुढच्या सीटखाली, एकदा गाडी थांबवून फोन डिकीत ठेवून. तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद. घरी येऊन कानाला लावून ऐका. उंचवट्यावरचं सगळ्यात जाड आणि डिकीतलं पातळ असेल तर आपण बरोबर वाटेवर आहोत.

मग गाडी खालून बघायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, तुम्हीही नाही आणि मिस्त्रीही नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडसर), मागे अ‍ॅक्सलखाली भक्कम घोड्या (लोखंडी टेकू), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी घेता आली तर फारच उत्तम.

टॉर्च घेऊन आधी हँडब्रेकची केबल बघा. जुन्या गाड्यांत तिचा आधार तुटतो, ती लोंबते आणि गाडी भरली की शाफ्टला घासते. घासत असेल तर शाफ्टवर बांगडीसारखी लख्ख रेघ उमटलेली दिसेल. तसं असेल तर एका क्लिपमध्ये काम संपलं. नसेल तर सेंटर बेअरिंगपाशी या. शाफ्ट तळहाताने खालून वर उचला आणि सोडा. चांगलं रबर थोडं दबतं आणि लगेच जागेवर येतं. मेलेलं रबर हात काढला तरी तसंच राहतं, किंवा उचलताना लोखंडाला लोखंड लागल्याचा ‘टक्’ हाताला कळतो. कडेने भेगा आहेत का, काळी भुकटी पडली आहे का, ते बघा. मग रबराला बोट लावा. बोटाला तेल लागलं तर इथे थांबायचं, कारण खरं कारण पुढे आहे.

गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला ऑइल सील असतं. ते गळायला लागलं की फिरता शाफ्ट ते तेल भोवती उडवतो आणि उंचवट्याच्या आतल्या बाजूला ओला, धूळ चिकटलेला पट्टा तयार होतो. तेल रबरावर बसलं की रबर फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. नुसतं रबर बदललं तर वर्षभरात पुन्हा हीच वेळ येणार. माणसं पार्ट बदलून निघून जातात आणि मग म्हणतात, जुनी गाडी, आवाज यायचाच. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हा ती घूं करत नव्हती. तिचा प्रत्येक भाग आजही पूर्वीइतका नीट बसवता येतो. आवाज वयाचा नसतो, कुठल्या तरी एका जागेचा असतो, आणि ती जागा सापडते.

आत आहात तोवर शाफ्टचे क्रॉसही (जोडांमधले अधिक-चिन्हासारखे तुकडे) बघून घ्या. क्रॉसच्या कपांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत. गाडी रिव्हर्समध्ये टाकताना खालून ‘टक’ येतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर क्रॉस याच वेळी बदला.

शाफ्ट उतरवायच्या आधी मिस्त्रींना एक गोष्ट करायला लावा, आणि तिथे उभं राहून करायला लावा. शाफ्ट जिथे जिथे सुटतो त्या प्रत्येक जोडावर, दोन्ही बाजूंना पंचाने किंवा रंगाने खूण करायची. दोन तुकडे एकमेकांशी ज्या कोनात होते त्याच कोनात परत बसले नाहीत तर नव्या रबरानेही गाडी थरथरणार. शाफ्टच्या नळीवर कुठे छोटीशी पट्टी वेल्ड केलेली असेल तर ती घाण समजून उडवायची नाही, ते शाफ्टचं वजन जुळवायला लावलेलं असतं.

पार्टबद्दल. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर या गाडीचं सामान सहज मिळायचं, कारण पद्मिनी तुमच्याच गाडीची पुढची आवृत्ती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तेव्हापासून शोधाशोध वाढली आहे. आधी नाशिकमधल्या द्वारकेकडच्या जुन्या पार्टवाल्यांना विचारा, नंतर मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउस. दुकानदार वीस-पंचवीस वर्षं डब्यात पडलेला ‘ओरिजिनल’ माल काढून देईल. बेअरिंग तसलं चालेल, ग्रीस नवं भरा. रबर मात्र घेऊ नका. रबर डब्यातही म्हातारं होतं. नख रोवून बघा, खूण पडत नसेल तर परत करा. मिळालंच नाही तर जुनं रबर नमुना म्हणून घेऊन सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रबर मोल्डिंगचं काम करणाऱ्या लहान कारखान्यात जा. तेलाला टिकणारं रबर हवं, हे स्पष्ट सांगा. एका नगासाठी ते तयार होत नाहीत, म्हणून नाशिकमधल्या तुमच्यासारख्या चार फियाटवाल्यांना गाठा आणि एकत्र करून घ्या. सगळ्यांनाच लागणार आहे.

हे सगळं ठीक निघालं, रबर चांगलं, केबल शाफ्टपासून लांब, क्रॉस घट्ट, तर मग गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगकडे वळा. न्यूट्रलमध्येही ते फिरतच असतं, म्हणून ते यादीतून गेलेलं नाही. पण ते शेवटी.

दारातलं घरंगळणं लहान काम आहे. दाराचं आतलं पॅड काढा, हात घाला. काच वरखाली करणाऱ्या यंत्राचा नट, जुना स्क्रू, कधी लहानपणी कुणी काचेच्या फटीतून टाकलेलं काहीतरी सापडेल. तुमचं बालपण याच गाडीत गेलं असेल तर जे सापडेल ते फेकण्याआधी जरा बघा. आणि हात आत आहेच तर दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी साचून पत्रा आतून सडतो.

व्हिंटेज नोंदणीचं. २०२१ साली केंद्राने नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीत क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुमची रविवारची धरणाची फेरी आणि मामांकडे जाणं त्यात बसत नाही. ही गाडी तुम्हाला वापरायची आहे, म्हणून पेठ रोडच्या आरटीओत नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण करत राहा. बाबांचा नंबर दोन्हीकडे तोच ठेवता येतो.

रबर बसल्यावर लेकीला पुन्हा मधोमध बसवा आणि ती काय म्हणते ते मला कळवा.

प्रश्न : आजोबांची पेट्रोल जीप आहे, सीजे ३ बी. थंडीत पहाटे बागेत जायला सुरू केली की इंजिनमधून ‘टक-टक-टक’ येतं आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद होतं. टॅपेट सेट करून घेतले, फरक नाही. इंजिन उतरवावं का?
– द्राक्ष बागायतदार, ता. निफाड

उत्तर : भाऊ, इंजिन उतरवू नका. निफाडची डिसेंबरची पहाट कशी असते हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि तुमच्या आवाजाचं कारण त्या गारठ्यातच आहे.

आधी विचारतो, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, सगळे सेट केले का? तुमच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. वरचं कव्हर काढून चार सेट करणारे पुष्कळ भेटतात. बाजूची प्लेट उघडून खालचे चार बघायला हात वाकडा करावा लागतो, म्हणून ते बरेचदा राहतात.

आठही झाले असतील तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा. बिडाचं मॅनिफोल्ड गार असताना आक्रसतं, फट पडते, त्यातून हवा फटफटते आणि आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो. तापलं की बीड फुगून फट मिटते. ओळखायचं असं : गार इंजिन सुरू करा, हातात कोरडा जाड रबरी मोजा घाला आणि एकेका प्लगची टोपी काढून लावा. ज्या प्लगला टकटक जवळजवळ थांबते त्या सिलिंडरपाशी गॅस्केट फुटलेलं आहे. तिथे काळी काजळीही दिसेल. टॅपेटचा आवाज प्लग काढल्याने जात नाही. आवाज बारीक टकटक नसून खोल ‘ठक’ असेल, आणि तापल्यावर, ओझं ओढताना येत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तो बिगएंडचा, म्हणजे क्रँकवरच्या बेअरिंगचा, असू शकतो. तेव्हा जीप बंद करून टोचन लावूनच गॅरेजला न्या.

मॅनिफोल्डचे नट जोर लावून सोडू नका, जुने स्टड तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, गॅस्केट नवं घाला, दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करा, आणि नट मधून सुरू करून कडेला, थोडेथोडे, सारख्या ताकदीने आवळा. हे काम होईपर्यंत पत्र्याच्या बंद शेडमध्ये जीप गरम करत ठेवू नका. फुटलेल्या गॅस्केटमधून निघणाऱ्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी जीप बाहेर काढा, मग तापू द्या.